गळा बसलेला नाही, दाजी

लातूर,
श्रावणातील दुसरा सोमवार.

तीर्थस्वरूप दाजी महादेवप्पा यांच्या चरणी धाकटा मेव्हणा सिद्धेश्वर याचे शरणु शरणार्थ.

इकडील सर्व मंडळी सुखरूप आहेत. ('सुखी' हा शब्द मी जाणूनबुजून टाळला आहे, त्यासाठी नळाला पाणी यावे लागते.) आपला गुडघा कसा आहे, पित्त कसे आहे, आणि देगलूरच्या मोंढ्यात धान्याच्या सौद्याची बोली पुकारताना आपला आवाज पूर्वीप्रमाणे शेवटच्या दुकानापर्यंत जातो ना, हे सविस्तर कळवावे. यंदा मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, पुनर्वसूने तोंडसुद्धा दाखवले नाही. तरीही आपण पंचांगाला प्रमाण मानून मृगाच्या पहिल्या दिवसापासून छत्री काखेत घेऊनच दुकानी जाता, हे आपल्या सौ., म्हणजे आमची अक्का, हिच्याकडून ऐकून अभिमान वाटला. "आभाळानं आपलं काम सोडलं म्हणून मी माझं सोडू काय?" हे आपले वाक्य मी वर्गात मुलांना उदाहरण म्हणून सांगितले. (मुले हसली. वाणिज्य शाखेकडे हल्ली गंभीर मुले येत नाहीत.) नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे धरले तरी या वर्षी छत्री बाळगणारे गृहस्थ आपण एकटेच असाल, असे मी जबाबदारीने म्हणू शकतो. अक्काच्या डोळ्यांची तपासणी येथे व्यवस्थित चालू आहे, त्याबाबत चिंता नसावी. डॉक्टरांनी तिला काही दिवस लांबचे पाहण्याचा सराव करावयास सांगितले असून ती तो मनापासून करीत आहे.

आता आपण सोपवलेल्या कामगिरीचा अहवाल. वस्तुस्थिती आपणांस ठाऊकच आहे, तथापि अहवाल अर्धवट असू नये म्हणून ती एकदा लिहून काढतो. आपली एकुलती कन्या आणि माझी भाची चि. सिंधू ही शिक्षणासाठी हैदराबादेस गेली, तेथील एका मोठ्या हॉटेलात ज्याझ नावाचे विलायती गाणे वाद्यवृंदाबरोबर गाऊ लागली, आणि ही वार्ता आपल्या कानी आल्यापासून आपण तिच्याशी बोलणे बंद केले. मोंढ्यात मात्र 'पोरगी बँकेत टायपिंग करते' असे आपण सांगितले आहे. अशात तिचा कार्यक्रम नव्या लातूर जिल्ह्याच्या वाढदिवसानिमित्त लातुरातच ठरल्याचे आपल्याला कळले, आणि आपण मला लिहिले की, कार्यक्रम बंद पाडता आला तर उत्तम. ते न जमल्यास निदान छापील जाहिरातीत आपले, आपल्या घराण्याचे व देगलूर गावाचे नाव येता कामा नये. आज्ञा शिरोधार्य मानून मी त्याच दिवशी कामास लागलो.

कोणतीही गोष्ट बंद पाडण्यापूर्वी ती काय आहे हे समजून घ्यावे, अशी माझी शिस्त आहे. तेव्हा ज्याझ म्हणजे काय ते प्रथम सांगतो. या गाण्यात सर्व वाजवणारे एका सुरात, एका घरातून निघावे तसे निघतात. थोड्याच वेळात जो तो आपल्या वाटेने भटकू लागतो. कोणी कोणाला विचारत नाही, कोणी कोणासाठी थांबत नाही, आणि ही मंडळी आता कायमची हरवली अशी ऐकणाऱ्याची खात्री पटली की सगळी एकाच क्षणी उंबऱ्यावर हजर. आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत घरची माणसे पांगतात आणि निघायच्या वेळी बैलगाडीपाशी बरोबर जमतात, तसेच हे. सिंधूच्या वाद्यवृंदात सॅक्सोफोन (म्हणजे वाकवलेली, पोट सुटलेली पितळी सनई) वाजवणारे कादरभाई नावाचे वयस्कर गृहस्थ आहेत. पूर्वी ते वरातीच्या बँडमध्ये होते. त्यांनी मला हाच सिद्धांत अधिक थोडक्यात सांगितला. "साब, सीधा गाना सीधा चलता. ये गाना जरा लंगडा के चलता. लेकिन पहुँचता बराबर." हे विधान मी नंतर प्रत्यक्ष ताडून पाहिले. ते बरोबर आहे.

कार्यक्रमाचे आश्रयदाते बसलिंगप्पा. यांचा जमिनीला भोके पाडण्याचा, म्हणजे बोअर घेण्याचा धंदा आहे, आणि दुष्काळात ज्याच्या चेहऱ्यावर तेज वाढते असा लातुरातला हा एकमेव इसम. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते पोस्टर रंगवून घेत होते. त्यांचे म्हणणे मुळात गैर नाही. "अवो मास्तर, जिल्हा झाला, कचेऱ्या झाल्या, पाट्या झाल्या. आता जिल्ह्याला एक गाणारी पाहिजेच की! दुसऱ्यांकडं हाय, आपल्याकडंच न्हाई, हे बरं दिसतं काय?" एवढ्यासाठी त्यांनी सिंधूचा जन्म लातुरात झाल्याचे परस्पर ठरवून टाकले होते. पोस्टरवर अक्षरे होती, 'मराठवाड्याची कोकिळा, लातूरची कन्या, सुप्रसिद्ध ज्याझ भजन गायिका'. दाजी, माझी अडचण लक्षात घ्यावी. आपल्या आज्ञेमुळे मला देगलूरचे नाव उच्चारता येईना, आणि माझ्या स्वभावामुळे लातूरचे खोटे मान्य करता येईना. शेवटी 'तिचा जन्म भारतात झाला' एवढेच निवेदन करून मी थांबलो. चित्राविषयी मात्र मी स्पष्ट हरकती घेतल्या. पेंटरने सिंधूला कधी पाहिलेले नाही, त्यामुळे चेहरा कोण्या सिनेमातल्या बाईचा होता. हातात वीणा होती, जी सिंधू वाजवत नाही. पाठीमागे बसलिंगप्पांचे यंत्र होते आणि त्यातून पाण्याचा फवारा ढगापर्यंत उडत होता, जो या हंगामात कोणी पाहिलेला नाही. बसलिंगप्पांनी माझे सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मास्तर, पोस्टर हाय हो हे. पंचनामा न्हाई." छापील जाहिरातीत देगलूरचे नाव नाही याची खात्री करून मी परतलो. आपल्या आज्ञेचा तेवढा भाग तंतोतंत पाळला गेला, याची कृपया नोंद घ्यावी.

त्यानंतर सिंधू आली. उदगीरमार्गे येणाऱ्या बसमधून ती, कादरभाई आणि आणखी दोन वाजवणारे उतरले तेव्हा चौघेही लाल मातीने एका रंगाचे झाले होते. स्वागताला हार घेऊन बसलिंगप्पा जातीने हजर. सिंधूने वाकून मला नमस्कार केला आणि ती म्हणाली, "बरे आहात ना, मामा?" इतकेच. पण ते ऐकताच बसलिंगप्पांचा हार हातातच राहिला. त्यांनी मला बाजूला ओढले. "मास्तर, घात झाला! पोरीचा गळा बसलाय!" आपणांस सांगावयास नकोच की सिंधूचा आवाज लहानपणापासून भरल्या रांजणात बोलल्यासारखा, खालचा, जड आहे. हैदराबादेत लोक त्यासाठीच येतात म्हणे. परंतु पोस्टरवर कोकिळा छापून झालेली होती आणि कोकिळेला असा आवाज शोभत नाही. बसलिंगप्पांनी गावभर सांगितले, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या ओट्यावर औषधांची रांग लागली. शेजारच्या गुणाबाई अडुळशाचा काढा घेऊन आल्या. कोणी ज्येष्ठमध आणला, कोणी मिरे-खडीसाखर, कोणी हळद घालून दूध. (दूध पाण्याहून सहज मिळते, असे दिवस आले आहेत.) सिंधू प्रत्येकीचा मान राखून सगळे प्यायली. त्याने तिचा आवाज आणखी अर्धी पट्टी खाली गेला. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि सर्वांना एकदमच म्हणाली, "कशाला पाजून राहिलात तिला? गळा बसलेला न्हाई तिचा. बापाचा गळा घेऊन आलीय पोर." हे वाक्य मी जसेच्या तसे दिले आहे. त्यावर माझे काहीही भाष्य नाही.

रात्रीच्या जेवणाआधी शेंगा सोलत बसलो असता सिंधूने मला तिकडचा कारभार सांगितला, आणि मामा म्हणून नव्हे, वाणिज्य विषयाचा शिक्षक म्हणून मी थक्क झालो. हॉटेलच्या मॅनेजरने तिचे नाव 'मिस सिंडी' ठेवले आहे. ती गोव्याची आहे, असे गिऱ्हाइकांना सांगण्यात येते. (देगलूरच्या मुलीचा ज्याझ कोण ऐकणार, असे त्याचे म्हणणे.) कपाळावर विभूती नको, अंगात चमकीचा लांब झगा हवा, हसताना इतकेच दात दिसावेत, मान अमुक बाजूला कललेली असावी. हे सर्व तिने सोसले. पण एक गोष्ट तिला डाचते. तिला गाता गाता मध्येच थांबायला आवडते. ओळ जवळपास पुरी करायची, शेवटचा शब्द हातात धरून ठेवायचा, ऐकणारा तोल जाऊन पुढे झुकला की मगच तो सोडायचा. मॅनेजरने याला सक्त मनाई केली आहे. "तू थांबलीस की लोक बिल मागतात," असे तो म्हणतो. योगायोग असा की बसलिंगप्पांनीही तिला दुपारी तीच ताकीद दिली होती. "ताई, मधी थांबू नका बरं का. पब्लिक उठून टँकरकडं जातंय." हॉटेलवाल्याची आणखी एक अट होती. बाहेरगावच्या कार्यक्रमातसुद्धा तिने मिस सिंडी म्हणूनच, तोच झगा घालून उभे राहायचे; नाही तर परत यायची तसदी घेऊ नये. मी विचारले, "मग तुझा विचार काय?" ती शेंगा सोलत सोलतच म्हणाली, "एकदा अप्पांनी ऐकावं, मामा. एकदाच. मग मी मिस कोणीबी व्हायला तयार हाय." ही विनंती आपल्या आज्ञेच्या चौकटीत बसत नसल्याने मी विषय बदलून पावसाचा काढला.

आता झग्याविषयी. तो प्रवासात मातीने भरला होता आणि धुण्याइतके पाणी घरात नव्हते. अक्काने उपाय काढला. तिने तो सुपात घेऊन दाणे पाखडावेत तसा पाखडला. माती उडाली, परंतु तिच्याबरोबर चमकीही उडाली, आणि शेजारीच उन्हात तुरीची डाळ वाळत घातलेली होती. झगा आता गोणपाटासारखा दिसतो. आमचे वरण मात्र रोज लखलखते. (काल माझ्या ताटात निळी टिकली आली. मी ती काढून ठेवली आहे.) बसलिंगप्पांना हे समजताच ते हर्षभरित होऊन एक भारी इरकल लुगडे घेऊन आले. ते सोबत रुद्राक्षाची माळही आणायला विसरले नव्हते. "कोकिळा आता शोभंल बघा!" लुगडे उलगडले तेव्हा पदरावर सोनेरी रंगात मोठी अक्षरे दिसली, 'बसलिंगप्पा बोअरवाले, हमखास पाणी'. गायिकेने मधूनमधून प्रेक्षकांकडे पाठ करावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

दाजी, मी स्वभावाने वर्गीकरण करणारा माणूस आहे. त्या दिवशी माझ्या ध्यानात आले की सिंधूविषयी बाजारात निरनिराळ्या आवृत्त्या चालू आहेत. हॉटेलची गोव्याची सिंडी, बसलिंगप्पांची लातूरची कोकिळा, आणि (क्षमा असावी, पण अहवालात गाळणे योग्य होणार नाही) आपली बँकेतली टायपिस्ट. या आवृत्त्या एकमेकींशी कोठेही जुळत नाहीत. त्यांच्यात समान काही असेल तर इतकेच, की देगलूरची गाणारी सिंधू एकीतही नाही.

कार्यक्रम शाळेच्या मैदानावर, कडूलिंबाच्या झाडांच्या कडेला होता. माणसे पुष्कळ जमली, त्यांत मोंढ्यातली व्यापारी मंडळी अधिक. उदगीर, अहमदपूरकडचीही होती. बायका घागरी घेऊनच आल्या होत्या, कारण टँकर केव्हा येईल याचा नेम नव्हता. आरंभी नव्या जिल्ह्यावर भाषणे झाली. मग सत्कार सुरू झाले आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मंचावरच्या प्रत्येकाला टॉवेल-टोपी देण्यात आली. कादरभाईंनी टोपी लगेच घातली आणि टॉवेल सॅक्सोफोनच्या गळ्यात टाकला. याच सुमारास मागे गलका झाला म्हणून मी वळून पाहिले. अगदी शेवटच्या लिंबाखाली एका गृहस्थाने छत्री उघडून इतकी खाली धरली होती की खांद्यांच्या वर काहीच दिसत नव्हते. "अवो छत्रीवाले, पाऊस थांबलाय!" अशी कोणीतरी आरोळी दिली. सगळे हसले. त्या गृहस्थाने छत्री आणखी खाली घेतली. समाजात अशी विक्षिप्त माणसे असतात, असे म्हणून मी पुन्हा मंचाकडे पाहू लागलो.

सिंधू आली ती अक्काचे रोजचे, धुऊन विटलेले सुती लुगडे नेसून, कपाळावर विभूतीची तीन बोटे ओढून. झगा नाही, बोअरवाला पदर नाही. बसलिंगप्पा ध्वनिक्षेपकावर 'लातूरची कन्या' पर्यंत पोहोचले होते. तिने त्यांच्या हातून तो हळूच काढून घेतला आणि ती म्हणाली, "मी लातूरची न्हाई. गोव्याचीबी न्हाई. मी देगलूरची. मोंढ्यातल्या महादेवप्पांची सिंधू." दाजी, मी आपल्या आज्ञेनुसार हरकत घेण्यासाठी तत्काळ उभा राहिलो होतो, याला साक्षीदार आहेत. परंतु शेजारी बसलेल्या व्यक्तीने माझा कोट धरून मला खाली बसवले.

पहिले गाणे साफ पडले. सत्य लपवण्यात अर्थ नाही. गाणे विलायती होते आणि आपल्या लोकांनी प्रेमाने भजनाच्या टाळ्या धरल्या. त्या सरळ चालीच्या टाळ्या आणि हे लंगडत चालणारे गाणे. दोघांचा मेळ बसेना. गाणे दोन पावले जाई आणि टाळ्यांना अडखळे. कादरभाईंनी सॅक्सोफोन तोंडातून काढला. "पब्लिक अच्छी है, लेकिन हौला कर डाली," (हौला म्हणजे खुळा) असे ते जवळच्याला म्हणाले, ते ध्वनिक्षेपकातून सगळ्यांनीच ऐकले. बसलिंगप्पा घाम पुसू लागले. तेवढ्यात सिंधूने हात वर करून टाळ्या थांबवल्या. डोक्यावर एक काळा ढग होता. रोज येतो, सगळ्यांना आशा लावतो आणि कर्नाटकात निघून जातो, त्यांतलाच. तिने त्याच्याकडे बोट केले आणि त्याच जड आवाजात, मोंढ्यात पुकारतात तशी, ती म्हणाली, "बोला, ह्या ढगाचा सौदा! माल मोठा हाय, काळा हाय, वजनाची हमी न्हाई. बोला!"

मैदान हसले, आणि हसता हसता गप्प झाले. कारण ती ते गाऊ लागली होती. शब्द तेच होते, पुकारणीचे, पण ते एकमेकांपासून लांब जात, वळत, सॅक्सोफोन त्यांच्यामागून फिरे आणि ढोल भलत्याच ठिकाणी पडून बरोबर वाटे. आता टाळी कोठे द्यायची हे कोणाला सांगावे लागले नाही. मोंढ्यातल्या माणसाला बोलीचा ठेका जन्मापासून ठाऊक असतो. "एक वार," ती म्हणाली. मग भटकून आली. "दोन वार." आणि ती थांबली.

दाजी, आपण दोन वार म्हटल्यानंतर जसे थांबता, तसेच. मी आपल्या दुकानी अनेकदा उभा राहिलो आहे. आपल्या त्या थांबण्यात पोत्यावर बसलेली चिमणीसुद्धा हलत नाही. तो ज्याझ आहे, याची कल्पना आपणांस आहे की नाही, मला माहीत नाही. मला तरी नव्हती. अख्खे मैदान पुढे झुकले. उदगीरच्या एका व्यापाऱ्याला सवयीने राहवले नाही आणि तो ओरडला, "वाढवा अजून, माझे लिहा!" कोणी हसले नाही. ढगाला गिऱ्हाईक मिळाले, यात कोणाला काही वावगे वाटले नाही. तेवढ्यात बाहेर टँकरचा भोंगा वाजला. बसलिंगप्पांनी डोळे मिटून घेतले. बायका उठल्या, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांनी घागरी रांगेत ठेवल्या आणि धावत परत येऊन बसल्या. सिंधू अजून थांबलेलीच. शेवटचा शब्द तिने धरून ठेवला होता आणि ती सोडीना. मला वाटते, ती सोडू शकत नव्हती.

आणि तेव्हा मागून, त्या शेवटच्या लिंबाखालून, छत्रीच्या आतून, रांजणातून यावा असा आवाज आला. "तीन वार!"

ढोल, सॅक्सोफोन, टाळ्या, सगळे त्या शब्दावर एकदम कोसळले. यानंतर सिंधूने जे गायले त्याचे वर्णन माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. मी व्यापारी गणित शिकवतो. एवढेच सांगतो की ती गाताना सारखी मागे पाहत होती आणि तिचा गळा, जो बसलेला नव्हता, तो मध्ये एकदा खरोखरच बसला. गाणे संपल्यावर लोक लिंबाकडे वळले. तेथे कोणी नव्हते. देगलूरची शेवटची बस त्याच सुमारास सुटते. तो आवाज कोणाचा, याविषयी पुराव्याशिवाय विधान करण्याची मला सवय नाही, म्हणून मी करीत नाही.

पुढील घडामोडी संक्षेपाने. हॉटेलला बातमी पोहोचली आणि 'मिस सिंडी' यांची जागा दुसऱ्या मिस सिंडीने भरल्याचा निरोप आला. (नाव तेच ठेवले आहे. फलक नवा करावा लागत नाही.) त्यामुळे सिंधू आणि वाद्यवृंद सध्या आमच्याकडेच आहेत. कादरभाई सकाळी ओट्यावर सराव करतात. पहिल्या दिवशी गुणाबाईंच्या म्हशीने पान्हा चोरला, पण आता ती सॅक्सोफोन सुरू झाल्याशिवाय उभीच राहत नाही. बसलिंगप्पांचा राग एका रात्रीत उतरला, कारण जो तो ढगाचे गाणे विचारू लागला. आता त्यांना नवे पोस्टर काढायचे आहे, 'ढगवाली सिंधू', वर ढग, खाली यंत्र. सिंधूने त्यांना नम्रपणे सांगितले की पोस्टरवर तिचे नाव, गाव आणि तिचाच चेहरा असेल तर ती कोठेही गाईल. बसलिंगप्पा म्हणाले, "फवारा तरी राहू द्या की, ताई." वाटाघाटी चालू आहेत.

एकंदरीत, कार्यक्रम बंद पाडण्यात मला अपयश आले. देगलूरच्या नावाबाबत मात्र आपल्या पत्रातील शब्द 'छापील जाहिरातीत' असे आहेत. व्यासपीठावरून तोंडी केलेल्या उल्लेखाविषयी आपले पत्र मौन आहे. तेव्हा आज्ञाभंग झाला, असे म्हणता येणार नाही. गुडघ्याला शेक देत जावे. इकडे लोभ आहेच, तिकडचाही तसाच राहावा.

आपला आज्ञाधारक,
सिद्धेश्वर

ता. क. अक्काचे डोळे उत्तम आहेत. पहिल्यापासूनच होते. माझा कोट तिनेच धरला होता.

आणखी ता. क. पुढच्या बाजाराच्या दिवशी सिंधूचा कार्यक्रम देगलूरच्या मोंढ्यात, आपल्या दुकानापुढील जागेत ठरला आहे. आपली संमती मी आपल्या वतीने दिली. आपण मला कामगिरी सोपवलीच होती. ती कोठे संपते हे लिहिले नव्हते. पोती तेवढी आत घ्यावीत. कार्यक्रमानंतर हे चौघे कोठे जाणार हे अद्याप ठरलेले नाही. अक्का म्हणते, माडीवरची खोली झाडून घ्यायला सांगा.

शेवटचा ता. क. त्या लिंबाखाली एक छत्री सापडली. लाकडी मूठ, मुठीवर तापल्या सळईने काढलेला 'म'. ती माझ्याकडे सुरक्षित आहे. कादरभाईंचे मत असे की, "बडे मियाँ का तीन जरा जल्दी आया." हे मी आपल्यापासून लपवू इच्छित नाही, संपूर्ण मोंढ्यात आपल्याला कोणी असे म्हटलेले नाही. सिंधूला मी विचारले. ती म्हणाली, "अप्पा जल्मात कधी तीन लवकर म्हणाले न्हाईत, मामा. त्या दिवशीच म्हणाले," आणि उठून आत गेली. म्हणून देगलूरला तीन पुन्हा आपणच म्हणावे, सावकाश. छत्री ती स्वतः घेऊन येईल. आपली खुर्ची पहिल्या रांगेत राहील. तेथे छत्री उघडू नये. दोन वार म्हटल्यावर तिला आपले तोंड दिसावे लागते.